रकाना क्रमांक अकरा

‘बांधकामाच्या जागी कुणी राहतं का?’
गेल्या पोळ्याला मीच लिहिलं होतं : नाही.
लाखांदूरच्या पुढं, धानाचं गोदाम.
ठेकेदार म्हणाला, हो लिहिलं
तं हप्ता वाढते ना बापा.

तेव्हा सिमेंटच्या थप्पीमागं
दुकालूची चूल पेटलेली होती.
पिलरच्या सळईला लुगड्याची झोळी,
झोळीत सहा महिन्यांचं ‘नाही’
मूठ चोखत.

आता कंपनीचा माणूस आलाय.
भिंत पडली तिथं फीत धरून विचारतो,
मयत कामावर होता की घरी?
वेळ रात्री दोन वाजून वीस.

साहेब, इकडं लाईन रात्रीच येते.
मोटार सुरू झाली की तो उठायचा,
ओल्या भिंतीला पाणी मारायचा,
पाइप तसाच वाहता ठेवून
फुलबासनच्या अंगावर गोधडी सरकवायचा,
पुन्हा भिंतीकडं.
ह्यात काम कुठवर, घर कुठून,
तुमच्या फितीनं मोजा.

हजेरी आहे माझ्याकडं. दिवसाची.
रात्रीचा मस्टर कुणी छापलाच नाही.

फुलबासनला पत्ता विचारला, फॉर्मसाठी.
तिनं बोट केलं :
ते काय, जिथं दार बसवायचं राहिलंय.

अकराव्या रकान्यातली शाई माझी,
अक्षरही माझंच, वळणदार.
शाळेत ह्याच अक्षराला
कंपासपेटी मिळाली होती.

आज कशी कोण जाणे, दिवसाच लाईन आली.
ऑटोवरची मोटार आपोआप सुरू झाली
आणि पडलेल्या विटांवरून पाणी
चुलीकडं निघालं.