पाणी उतरू नये म्हणून

ऐला आली तेव्हा सप्टेंबर सरत होता,
तळ्याच्या कडेला काचेइतका पातळ बर्फ.
जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी
तिनं माझ्या बाकावर ठेवलं,
आजारी मांजर ठेवावं तसं.

वडलांची, म्हणाली. मूठ तुटली.
एवढंच. कुहमोकडे माणसं शब्दही
सरपणासारखे पुरवून वापरतात.

तौनोची रायफल. मी लगेच ओळखली.
दस्त्यावर गाल घासून आलेली झिलई,
पट्ट्याच्या कडीला तांब्याची तार,
बोल्टवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच.
बोल्टची मूठ मुळापासून गेलेली,
तुटल्या जागी पोलाद करडं, दाणेदार,
शिळ्या काळ्या पावासारखं.

दुसरा बोल्ट मागवू? बसतो कधीकधी.
पण काडतुसामागे केसभर जागा उरली
तर बार आपल्याच तोंडावर येतो.
तिनं मान हलवली. हाच.

तर मग आधी बोल्ट रिकामा करायचा,
स्प्रिंग, पिन, सगळं बाहेर.
पुढचे दोन कान, ज्यांच्यावर सगळा मार बसतो,
त्यांना ओली चिंधी गुंडाळायची,
कारण आच तिथवर पोचली की पोलादाचं पाणी उतरतं,
आणि पाणी उतरलेलं पोलाद दिसतं अगदी पहिल्यासारखं.
माणसाचा निदान चेहरा पडतो.

मी स्प्रिंग सोडली. पिन हातात आली.
टोक नव्हतं.
तुटलेलं नव्हे, तुटलेलं मला कळतं.
कानशीनं घासलेलं, सावकाश, एकाच दिशेनं,
शेवटी बारीक कागदानं गुळगुळीत केलेलं,
वर तेलाचा हात. तेल मधाइतकं घट्ट झालेलं.

मी वही काढली. तौनोची शेवटची काडतुसं
अकरा वर्षांपूर्वीची.

टोळीत तो नेहमी सर्वांत लांबची जागा मागायचा,
दलदलीपलीकडची, मोडक्या गवतखोपीजवळची.
एल्क त्याच्याच बाजूनं निसटायचे.
रेडिओवर खरखर, मग त्याचा आवाज:
नेम धरेपर्यंत गेला.
आम्ही हसायचो. डोळे गेले म्हाताऱ्याचे.
मांसाचा वाटा घ्यायचा, खाली बघत.
पण दर ऑक्टोबरला पहाटे पाचला हजर,
तापात, गुडघा सुजलेला असताना, बायकोच्या दहाव्याच दिवशी.
असा नेम चर्चच्या घंटेनंही पाळला नसेल.

का, ते मला माहीत नाही.
त्याच्या शेवटच्या गोळीनं एक मादी पडली होती
आणि पिल्लू संध्याकाळपर्यंत तिथंच उभं होतं.
पण तेवढ्यावरून काय ठरवणार?
ते पिल्लू आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

मूठ जोडली. चांदीचा डाग वितळून
फटीत शिरला, एका दमात.
चिंधीतून वाफ आली, कान गार राहिले.

गुरुवारी ऐला आली. मी बोल्ट ठेवला,
शेजारी कॉफीच्या डब्याच्या झाकणात ती पिन.
तिनं अंगठा फिरवला, जिथं टोक असायला हवं तिथं.
बराच वेळ.
सॉनाच्या पायरीवर बसून घासायचा, म्हणाली.
आवाज यायचा आत. मला वाटायचं, गळ घासतोय,
पर्च धरायला.

माझ्या खणात अशा पिना डझनभर आहेत.
एक काढून झाकणात टाकली.
एवढा टिचभर आवाज, पण दोघंही दचकलो.
कोणती बसवू?
शनिवारी पहिली फेरी आहे, म्हणाली.
हे काही उत्तर नव्हे.

ती जोडणी स्वतःच करायची म्हणाली.
मी पाठ फिरवून हात धुवायला लागलो,
काजळी केव्हाच गेली होती, तरी धूत राहिलो.
मागे बोल्ट दोनदा पुढेमागे झाला.
मूठ नीट बसली होती, आवाजावरून कळतं.

झाकण मी अजून उघडून पाहिलेलं नाही,
तिनंच ते डब्यावर लावलं आणि डबा फळीवर ठेवला.

शनिवारी धुकं होतं.
तिनं दलदलीपलीकडची जागा मागितली.