वळायचं म्हटलं की

सोमवारी उद्यमनगरात शटरं गुडघ्यापर्यंतच उघडी.
वाकून आत गेलो
आणि दस्तगीरमामूंच्या बाकावर
जुन्या कॅलेंडरचं पान अंथरून ठेवला
माझा रणगाडा:
हातभर लांब, रेडिओवर चालणारा,
आठ महिन्यांचे रविवार
आणि दूध संघाचा एक अख्खा बोनस पोटात घेतलेला.

सरळ पळतो, म्हटलं. विटा चढतो.
पण वळ म्हटलं
की पाहुण्यानं निघतो निघतो म्हणावं
आणि पुन्हा बूड टेकावं, तसं.
कण्हतो, थरथरतो,
गंगावेशीच्या कोपऱ्यावर
उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अडावा
तसा अर्ध्यात अडतो.

मामूंनी रिमोटकडं बघितलंही नाही.
गाडा उचलून कानाशी धरला,
चाक फिरवलं, पट्टा अंगठ्यानं दाबला.
"केवढा ताणलायस मर्दा.
तंबोरा हाय का ह्यो?"
मागचं चाक दोन आटे पुढं घेतलं,
पट्टा वरून सैल झुलला
ओल्या धुण्याच्या दोरीसारखा.

मग चाकांतली प्लॅस्टिकची बुशं काढली,
घासून अंडाकृती झालेली.
सोमवारी लेथ लावत नाही मी, असं म्हणत
लेथ लावला.
पितळेचा किस पायाशी कुरळा पडत गेला.
भिंतीकडं जमिनीत चार भोकं दिसत होती,
विकलेल्या शेपरच्या बोल्टांची,
त्यांत कुणी तरी विड्यांची थोटकं खोचलेली.
बारा बुशं झाली, ज्वारीच्या दाण्याएवढी.
मी मोजून घेतली, त्यांनी परत मोजली.

तरी जडच.

तेव्हा त्यांनी पट्टा उलटा केला.
आतापर्यंत मी ते सांगितलं नव्हतं:
प्रत्येक दुव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
मीच चिकटवलेला, चिमट्यानं,
दोन्ही बाजूंचे मिळून एकशे छप्पन्न तुकडे.
पकड यावी म्हणून, म्हटलं.

मामू बराच वेळ काही बोलले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"सरळ जायाला पकड लागती.
वळायचं म्हंजे थोडं घसरायला यायला पायजे.
एक बाजू थांबती, दुसरी वडती,
आन् मधली जमीन
कुणाला तरी सोडायला लागतीच की."

ब्लेडनं सोलत बसलो दोघं.
एकशे छप्पन्न.
बायको म्हणते तुम्हाला हो म्हणायलाही
दोन दिवस लागतात,
ते मला नेमकं तेव्हाच का आठवावं?
सोल्यूशनचा वास बोटांना,
बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाकलत होतं.

बॅटरी मागून काढून मधोमध बसवली.
मधल्या चाकांना एकेक पातळ वायसर,
म्हणजे भार पोटावर येतो,
टोकं जमिनीला जेमतेम शिवतात.
"टोकाला वजन असलं की कुणीच वळत न्हाई,"
एवढं बोलून त्यांनी हात पुसले
आणि पहिल्यांदाच रिमोट मागितला.

मागच्या दारी फौंड्रीची काळी माती,
कालच्या साच्यांची फोडलेली, अजून कोमट.
गाडा तिच्यावर ठेवला.
मामूंनी एक काडी पुढं ढकलली, दुसरी मागं,
आणि तो फिरला,
जागच्या जागी,
जात्याच्या वरच्या पाळूसारखा गरगर,
मातीत गोल उमटवत.
सत्तरीचा माणूस
"आयला" म्हणाला, तेही हळूच,
आणि पुन्हा फिरवला. आणि पुन्हा.
दहा मिनिटं रिमोट काही परत मिळाला नाही.

पैसे विचारले तर
सोमवारी धंदा नसतो, चहा सांग, म्हणाले.

चहा पिताना मी सांगितलं,
डावीकडं अजून किंचित जड वाटतोय.
माहीत हाय, म्हणाले,
मोटरची खोड हाय ती.
बशीतला शेवटचा घोट संपवला,
बशी कपावर पालथी घातली.
"ऱ्हाऊ दे आज.
फुडच्या सोमवारला काय तरी ठेवायला पायजे."