पेन्सिलीने

वेंगुर्ल्याची शाळा, दिवाळीची सुट्टी.
चौथीच्या बाकांवर गुडघे मोडून आम्ही बारा जण.
मी बर्फाच्या कारखान्यातून आठवड्याची रजा काढलेली.

ओझरकर बाई म्हणाल्या,
मोडीत आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची.
हे लगेच जमलं.
घरी मोरीच्या फाका अशाच सुकतात.

मग वंशवृक्ष.
शेजारच्या परुळेकरांचा चौदा पिढ्यांचा,
छापील, घडी उलगडली की दोन बाकं व्यापणारा.
माझा आज्याशी थांबला.

रात्री आतेला फोन.
"पणज्याचा नाव? कोणाक म्हायत.
'भवानीप्रसाद'वर होतो तो.
ती निवतीच्या खडकार फुटली.
त्याच्या आदी एक पडाव होतो, त्येका नावच नाय होता."

पाचव्या दिवशी बंदराच्या जुन्या वहीची झेरॉक्स.
दुपारभर बोट ठेवून एक ओळ लागली:
नारळहजारदोनसुकेबांगडेखंडीएकतांडेलसावळाखलाशीचार

शब्द सुटे केले. सावळा.
आज्याच्या दंडावर गोंदलेलं होतं ते हेच का?
सा दिसायचा, पुढचं सुरकुत्यांत गेलेलं.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"पुरावा नाही. पेन्सिलीने लिहा."

लिहिलं.
शेजारी चार रिकामी वर्तुळं काढली, खलाशांची.
कोण जाणे, आम्ही त्यातल्याच एखाद्याचे असू.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, चिवडा, फोटो.
आतेला झाड दाखवलं.
तिने कागद आडवा धरला, मग उभा.
"सगळा लिवलंस.
होडयेचा लाकूड खयच्या झाडाचा, ता खय हा?"