करंगळी धरून तीन

जाळ्याची आस आमच्याकडं बोटांनी मोजतात.
दोन बोटी, तीन बोटी, चार बोटी.
कुणाची बोटं, हे कुणी विचारत नाही.

तुळशीच्या पाण्यावर, धामोडच्या अंगाला,
हिंदुराव भोई चाळीस वर्षं तीन बोटी जाळं विणतो.
त्याची तर्जनी पंधराव्या वर्षीच
गुऱ्हाळाच्या चरकात गेली.
त्या दिवशीचा गूळ कुणी खाल्ला, ते तो अजून सांगत नाही.

मी सोसायटीचा सचिव. वही माझ्याकडं.
तारीख, नाव, किलो, चिलापी किती, रोहू किती,
आणि शेवटी खडस, ज्या रकान्यात मी सहा वर्षं
नुसती आडवी रेघ ओढत आलोय.

विद्यापीठातून आश्लेषा आली ती मे संपताना,
प्लॅस्टिकची पट्टी, ताणकाटा
आणि डब्यात दोन चपात्या घेऊन.
हिंदुराव म्हणाला, "नक्षत्राचं नाव, आन् आलीस रोहिणीत.
तुझं आमचं जमायचं कसं?"
ती काहिलीत बसली.
गूळ आटवायची जुनी काहील, बुडाला डांबर लावलेली,
आमच्यात तीच होडी.
पोरीनं दोन्ही हातांनी कड धरली होती,
पण उतरते म्हणाली नाही.

पाण्यातच तिनं आसेला पट्टी लावली.
"पन्नास मिलिमीटर."
"तीन बोटी हाय ती."
मग तिनं स्वतःची तीन बोटं लावली, बारकी, शाईची,
तिची पंचेचाळीस भरली.
माझी लावली, साठ.
हिंदुराव आपल्या हाताकडं बघत राहिला,
जसं दुसऱ्याचं घर चुकून उघडावं तसं.
"तर्जनी न्हाई. म्हणून मी करंगळी धरून तीन करतोय.
बापाची आस साठ असणार."
वल्हं मांडीवर आडवं.
पाण्यावर दहा मिलिमीटरचा वारा.
त्या दहा मिलिमीटरमधनं किती पिलं परत गेली असती,
याचा हिशेब तो करत होता
किंवा नुसता तंबाखू मळत होता. मला सांगता येणार नाही.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. अकरा घरं.
व्यापाऱ्याची उचल कोण फेडणार,
पलीकडच्या काठाचे मच्छरदाणी ओढतात त्यांचं काय,
आणि अक्काताई भोईणीनं मागून विचारलं,
"आस मोठी केली बाई, पोट बारीक कुठल्या पट्टीनं करायचं?"
आश्लेषाकडं उत्तर नव्हतं.
नाही म्हणून तिनं सांगितलं.
त्या एका 'नाही'वर सात घरं तिच्याकडं झुकली, असं माझं मत.
वहीत मताला रकाना नाही.

हिंदुरावानं कळकाचं कांडं घेतलं,
पट्टीवर ठेवून साठावर खूण केली,
अशा अकरा पट्ट्या तासल्या, घरोघर दिल्या.
चार परत आल्या. एक चुलीत गेली.
एकीनं अक्काताई आता खिडकी टेकवते,
पण जाळं विणायला बसली की काढून घेते,
खिडकी आपटत राहते.

पहिल्या वर्षी किलो कमी पडले.
आकडे मी तसेच लिहिले, आश्लेषानंच तसं सांगितलं.
दोघं रात्री जुन्या जाळ्यांवर गेले.
त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक,
सगळे त्यांच्याच घरी हरतालिकेला गेले.

माघात एका सकाळी मी किलो उतरवत होतो,
रोहू चौदा, चिलापी एकतीस,
खडसाखाली पेन टेकवलं.
हिंदुरावानं ओल्या हातानं, त्याच चार बोटांच्या हातानं,
पान धरलं.
"रेघ नगं ओढूस."
"मग काय लिहू?"
"काय न्हाई. मोकळं सोड."
मोकळं सोडलं की ऑडिटवाला विचारतो,
हे मी त्याला सांगितलं.
"इचारू दे की," म्हणाला, आणि काहील ढकलली.

पान वाळायला उन्हात ठेवलंय.