चप्पल

कथा अकरा पानांची होती.
तिसऱ्या पानावर माणिक घर सोडते:
जूनची दुपार, दौलतगंजातलं सासर,
मागे दार धाडकन, पुढे महाराज बाडा,
आणि वाटेत मी तिला दिलेले विचार,
आईचे, आभाळाचे, सुटकेचे,
पाऊण पानभर.

आठल्येबाईंनी कागद परत केले.
बत्तीस वर्षं लष्करच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या,
गोष्टींतलं आपल्याला काही कळत नाही म्हणणाऱ्या.
अकरा पानांत पेन्सिलीची एकच खूण,
समासात, बारीक अक्षरात:
'चप्पल?'

मी मागे जाऊन पाहिलं.
पहिल्याच पानावर तिच्या चपला
मीच काढून ठेवल्या होत्या, मागच्या नळापाशी,
वातावरणासाठी.

राग आला. खरं सांगतो.
बाई घर सोडून निघालीय
आणि यांना पाय दिसतात!

रविवारी दीड वाजता बायकोला म्हटलं, गजक आणतो.
"जूनमध्ये?" तिने विचारलं.
दौलतगंजाच्या तोंडाशी चपला पिशवीत टाकल्या
आणि निघालो.

सात पावलं.
सातव्यापर्यंत ना आई, ना आभाळ,
नुसते तळवे.
आठव्याला मी विजेच्या खांबाच्या
मनगटाएवढ्या सावलीत
एका पायावर, बगळ्यासारखा.
उसाच्या रसवाला ओरडला,
"चाचा, चप्पल बिक गई क्या?"

म्हणजे माणिक बाड्यापर्यंत पोचतच नव्हती.
पोस्टाच्या पायऱ्यांवरचं तिचं रडणं वाया गेलं.
चांगलं होतं ते.
चार रात्री घातल्या होत्या त्यात.

तिला परत पाठवली.
आपटलेलं दार तिलाच ढकलावं लागलं.
आत नवरा आंबा चोखत बसलेला,
रस कोपरापर्यंत.
त्याने वर पाहिलं. ती नळाकडे गेली.
कुणी काही बोललं नाही.
आणि तिथे चपला नव्हत्या.
(हे मला लिहीपर्यंत माहीत नव्हतं.)
सासू त्याच घालून गच्चीत गेली होती,
पापड उलटायला.

माणिकने सासूच्या घातल्या, दोन बोटं मोठ्या,
आणि दुसऱ्यांदा निघाली,
चटक फटक, चटक फटक,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.
पाऊण पानातला विचार आता एकच उरला:
त्यांना माझ्या घट्ट होत असतील.

नवी पानं आठवड्याने परत आली.
पेन्सिल कुठेच नाही.
चौथ्या पानाच्या कोपऱ्याला
हळदीच्या बोटाचा ठसा.
मी तो पुसला नाही.

जिना उतरत होतो तेव्हा वरून आवाज आला,
"अहो, दीडला कोण पापड उलटतं?
आमच्याकडे चारला."