वाजवून बघणारा माणूस

छापखान्यातला पोरगा म्हणाला, एकच पान.
वर फोटो, मग जन्म, मृत्यू, मुलं-नातवंडं,
शेवटी बायबलातलं वचन.
मधली जागा तुमची.

एमालीच्या बाजारात, घरघरत्या पंख्याखाली मी लिहिलं:
किथेका न्दुंडा. जन्म अंदाजे एकोणीसशे बावीस.
(टोळधाड आली त्याच्या आदल्या सुगीत,
एवढीच नोंद त्यांच्या आईकडे होती.)
शिपाई, ब्रह्मदेश. की-मॅन, रेल्वे, एकतीस वर्षं.

पान भरत आलं.

त्यात तो हातोडा मावला नाही.
पहाटे किबवेझीहून निघायचे आजोबा,
चार मैल जायचे, चार मैल यायचे,
रुळाची एकेक चावी ठोकत.
सैल चावी बद्द वाजते, म्हणायचे,
उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्यासारखी,
आधी हवापाण्याचं बोलते.
घट्ट असली की खण्ण! विषय संपला.

डावा कान काबावच्या खोऱ्यात राहिला,
चव्वेचाळीस साली, एका तोफगोळ्यापाशी.
म्हणून मान कलती, उजवा कान पुढे.
नवा साहेब आला की त्याला वाटायचं,
काय नम्र माणूस आहे!

मग सवयच लागली.
कलिंगड वाजव, मडकं वाजव,
पावसाळ्याआधी शिडी लावून पत्रा वाजव.
मला न्यूमोनिया झाला तेव्हा
डॉक्टरच्या आधी त्यांनीच दोन बोटांनी
माझी छाती वाजवली, कान लावला,
आणि मकिंदूच्या गुरुद्वाऱ्यातल्या सरदारजीची मोटार
रात्री दोन वाजता मागून आणली.

पदक चहाच्या डब्यात होतं, बटणांबरोबर.
गोऱ्या शिपायाला किती मिळाले, त्यांना किती,
हा हिशेब ते करत नसत.
आजी करायची. मोठ्याने, पाहुण्यांसमोर.

युद्धाचं एकदाच बोलले, वीज गेली होती तेव्हा.
रात्री जंगलात हाक मारायची बंदी.
जेवणाच्या डब्यावर दोनदा टकटक करायची,
पलीकडून दोनदा आली की आपला माणूस.
म्विंगीचा एक म्वोलोलो होता,
पोहायला न येणारा, सतत गाणारा.
एका रात्री आजोबांनी दोनदा वाजवलं.
थांबले. पुन्हा वाजवलं.
उजाडेपर्यंत वाजवत होते.
एवढ्यात वीज आली,
आणि आजोबा म्हणाले, रेडिओ लाव, बातम्या असतील.

नवी रेल्वे झाली, उंच खांबांवरची.
गाडी आमच्या डोक्यावरून जाते, थांबत नाही.
आजोबा काठी टेकत खांबापर्यंत गेले,
काठीनेच ठोकून बघितला.
काय म्हणतो? मी विचारलं.
काही नाही, म्हणाले. शिकलेला दिसतो.

ऑगस्टमध्ये गेले. माती इतकी कडक
की खड्डा खणायला दोन दिवस लागले,
आणि खणणाऱ्यांत तिघे जुने गँगमन,
सत्तरी ओलांडलेले, कुणाचं न ऐकणारे.

बाओबाबखाली पेटी ठेवली.
पाद्रीबाबा प्रार्थना सुरू करणार, इतक्यात
आजी पुढे झाली,
बोटाच्या पेराने पेटीवर वाजवलं.
दोनदा.
आणि मान कलती करून उभी राहिली.

ती गोष्ट मला एकटीलाच सांगितलीय
असं मी बारा वर्षं समजत होते.

कुणी हललं नाही. कुठेतरी एक शेळी ओरडली.
आजी बराच वेळ थांबली.
मग पदर खोचल्यासारखं कापड कमरेशी आवळून
म्हणाली, चला, उचला आता.

पान गुरुवारीच छापून झालं होतं.