गाळणे, सकर्मक

रबाळे एमआयडीसीत आमचा छापखाना, गाळा नंबर अकरा.
मी मुद्रितं तपासतो :
लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि शाळा उघडण्याआधी
सरावाच्या वह्या.
एखादं अक्षर गाळलं गेलं
तर बोलणी मला.

चार वाजता खाली उतरतो.
शटरच्या कोपऱ्यात सुगंधा मढवीचा स्टोव्ह.
पातेलं तिरपं करून, फडक्याची दोन टोकं चिमटीत धरून
ती म्हणते, "थांब जरा, गालतंय."

तिच्या गोठिवलीत ळ ला थारा नाही.
जिभेजिभेवरून गाळत आणून
त्याचा नुसता ल ठेवलाय, मऊ.
तिथे गाळ म्हणजे गाल,
आणि डोळा डोला.
माझं लाल पेन पहिलं वर्षभर कानात वळवळायचं.
आता टोपण लावून बसतं.

घरी कोश आहे, पाठ मोडलेला, दोऱ्याने बांधलेला.
त्यात मूळ धातू गल् : ठिबकणे, झिरपणे, खाली पडणे.
मडकं गळतं. केस गळतात.
अवसान गळतं.
हे सगळं आपोआप, कुणाचं नाव न घेता.
मधे एक काना आला की मात्र
करणारा लागतो :
चहा गाळणारी, घाम गाळणारा, विहिरीतला गाळ काढणारे
आणि गाळून झाल्यावर चोथा टाकणारे.
गाळा कुठून आला ते मला नीट लागलं नाही.
दोन खांबांमधली जागा, एवढंच.
गळाही याच घरचा की शेजारचा, देव जाणे.
चहा तर त्यातूनच खाली जातो.

तिचा सासरा पदू मढवी
तिवरांच्या आड, ओहोटी बघून, गूळ आंबवायचा.
मडक्यावर मडकं, सांध्याला माती,
आणि बांबूच्या नळीच्या तोंडाशी
एकेक थेंब मोजत उकिडवा बसायचा.
तेव्हाही शब्द हाच.
फक्त मडकी फोडायला पोलीस यायचे.
"चाय पन गालतान, दारू पन गालतान," सुगंधा सांगते,
"गालल्याबिगर आमचे घरान
कंदी काय शिजलाच नाय."

मग खाजण गेलं. मिठागर गेलं.
भरावावर गाळे उभे राहिले, त्यातला एक आमचा.
मोबदल्याची यादी लागली, तेव्हा
मढव्यांची बाकी सगळी नावं होती.
पदू नव्हता.
खिडकीतला कारकून म्हणाला,
"नाव गळलं असेल हो, म्हातारबा."
गळलं.
जसं नळाचं पाणी गळतं.
पदूला शाळा ठाऊक नव्हती
पण व्याकरण त्याने तिथेच केलं :
"गललां नाय, सायेब. गाललां.
कोनी, ता सांग."

सांगितलं नाही. पुढे अकरा वर्षं खेटे,
आणि मग म्हातारा मेला.

कालची गोष्ट. पाचवीच्या वहीचं मुद्रित हातात होतं :
गाळलेल्या जागा भरा.
तिचा नातू ओजस स्टोव्हजवळ बसून वाचत होता :
"आमचे गाव ______च्या काठी आहे."
"खाडी," मी म्हणालो.
त्याने लिहिलं, एमआयडीसी.
मी पेन काढलं, मग पुन्हा खिशात ठेवलं.
त्याच्या खिडकीतून तेच दिसतं.

आम्हा लोकांची एक खूण असते, हंसपद.
दोन शब्दांच्या फटीत खालून वर टोचलेलं टोक :
इथे काहीतरी राहिलंय, आत घ्या.
किती हजार काढली असतील मी,
सगळी दुसऱ्यांच्या लग्नांत.
यादीचं मुद्रित कुणी तपासलं होतं?
त्याला खूण माहीत नव्हती,
की पगार त्या खुणेचा नव्हता?

सुगंधा फडकं धुते, पिळते,
अकरा नंबरच्या कडीला टांगते.
कितीही पिळलं तरी त्याचा रंग
खाडीच्या चिखलाचाच.
थोडा वेळ गळत राहतं.
खाली, आमच्या पायरीवर,
एक ओला डाग.